दुसरं बोट

काटेसाहेबांना फसवणं सोपं नव्हतं, आणि ही गोष्ट इतरांपेक्षा काटेसाहेबांनाच जास्त माहीत होती. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून तेहेतीस वर्षं काढलेला माणूस. पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक म्हणू नका, पोटातून शिसं काढून पोकळ केलेलं वजन म्हणू नका, सगळं त्यांनी पकडलेलं. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी घरात साखरेची पिशवी आली की आधी ती त्यांच्या तळहातावर बसायची. "वीस ग्रॅम कमी," ते जाहीर करायचे. "चहाही तेवढाच कमी गोड होईल," बायको म्हणायची आणि पिशवी काढून न्यायची. काट्यांवरून पडलेलं टोपणनाव आता घरीदारी इतकं चिकटलं होतं की खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं.

तर अशा माणसाच्या मुलीने वापरलेला लॅपटॉप घ्यायचा म्हटल्यावर काय झालं असेल? ती इमारतींचे नकाशे काढायची. जुन्या लॅपटॉपने मान टाकली होती, नवा भारीतला घ्यावा तर खिसा रिकामा, आणि लग्नाला राहिले होते वीस दिवस. तिला एक जाहिरात सापडली. उत्तम मॉडेल, दोन वर्षं जुनं, मूळ बिल आणि खोक्यासकट, किंमत निम्मी. काटेसाहेबांनी चष्मा पुसला आणि कागदावर नियम उतरवले. दिवसाउजेडी जायचं. बिलावरचा क्रमांक, पोटाखालचा क्रमांक आणि पडद्यावरचा क्रमांक, तिन्ही एकच हवेत. बॅटरी किती वेळा भरली ते बघायचं. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या नकोत. आधीच्या मालकाचं नाव आपल्या डोळ्यांदेखत काढल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित केलेलं: एकट्याने जायचं नाही.

"दोन माणसं कशाला?" होणाऱ्या जावयाने हसत विचारलं.

"धाडीला आम्ही दोघेच जायचो, जावईबापू. एक जण काट्याकडे बघतो, दुसरा दुकानदाराकडे बघतो. काटा खोटं बोलू शकतो. माणसाचा हात नाही बोलत."

मुलीला त्या दिवशी साइटवर जायचं होतं, म्हणून तो दुसरा माणूस जावईबापूच ठरला. विमा कंपनीत नोकरी, हसरा, काटेसाहेबांच्या हातातली पिशवी न सांगता घेणारा. "काका, नवाच घेऊ ना, मी देतो पैसे," असं तो दोनदा म्हणाला होता. काटेसाहेबांना ते आवडलं होतं, पण त्यांनी ते मानलं नव्हतं. लग्न ठरवताना त्यांनी त्याला समोर बसवून एकच प्रश्न विचारला होता, "आधी कुणी होतं का?" तो म्हणाला होता, "नाही, कुणीच नाही." काटेसाहेबांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं होतं, आणि तोल बरोबर आहे असं ठरवून होकार दिला होता. हातांकडे बघायचं त्यांना त्या वेळी सुचलं नव्हतं.

पत्ता एका लॉन्ड्रीचा निघाला. खाली यंत्रं, वाफ, साबणाचा वास. लॉन्ड्रीवाल्या बाईंनी दोघांना लाकडी जिन्याने वरच्या खोलीत नेलं. खोलीभर छताला लोखंडी नळ्या, आणि नळ्यांवर धुतलेले कपडे पारदर्शक पिशव्यांत टांगलेले. कोट, झगे, कुणाचा तरी गणवेश. खाली मोठं यंत्र सुरू झालं की जमीन थरथरायची आणि सगळे कपडे एकदम थोडेसे हलायचे. मधल्या मोकळ्या जागेत टेबल, तीन खुर्च्या, आणि टेबलावर लॅपटॉप. राखाडी, स्वच्छ पुसलेला.

बाईंनी आधी दोघांची नावं आणि फोन वहीत लिहून घेतले. मग प्रत्येकाच्या हातात शाईने नंबर घातलेली कापडाची पट्टी ठेवली. काटेसाहेबांना एक्केचाळीस, जावयाला बेचाळीस.

"हे कशाला?"

"सवय आहे हो, भाऊ. कपडा आणि माणूस यांची चुकामूक झाली की धंदा बुडतो. येईल त्याला नंबर."

"म्हणजे लॅपटॉप बघायला आधी चाळीस जण येऊन गेले?"

"अकरा महिने जाहिरात आहे," बाई म्हणाल्या.

काटेसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. निम्म्या किमतीचा चांगला माल अकरा महिने कोण ठेवतं? म्हणजे आत काहीतरी काळंबेरं असणार. ते कामाला लागले, आणि खरं सांगायचं तर त्यांना मजा यायला लागली. भिंगातून स्क्रू बघितले, खाचा कोऱ्या. बिजागरी घट्ट. तिन्ही क्रमांक एकच. बटणं, आवाज, कॅमेरा, चार्जिंग, सगळं ठणठणीत. दोष काही सापडेना, तशी त्यांची अस्वस्थता वाढत गेली. तेहेतीस वर्षांत इतका निर्दोष काटा त्यांनी पाहिला नव्हता.

"कामाला रोज वापरता का?"

"नाही. रोज सकाळी उघडते फक्त. पासवर्ड घालते. दोनतीन दिवस नाही घातला की ते बोट ओळखत नाही, पासवर्डच मागत बसतं."

हे उत्तर त्यांना विचित्र वाटलं, पण त्यांचं लक्ष पडद्यावरच्या नावाकडे होतं. एका मुलीचं नाव. "हे तेवढं काढावं लागेल, ताई. नाहीतर उद्या हे यंत्र आम्हालाच चोर ठरवेल. ज्यांचं आहे त्यांना बोलवा."

"माझ्या मुलीचं आहे. ती नाहीये इथे. पासवर्ड मला ठाऊक आहे, सौदा झाला की काढते."

मालकाच्या नावाखाली बोटांच्या ठशांची यादी होती. दोन बोटं. एकापुढे मुलीचं नाव, दुसऱ्यापुढे नुसता दोनचा आकडा. काटेसाहेबांनी ते बघितलं आणि पुढे गेले.

जावईबापू जिना चढून आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. तो बसलाही नव्हता. नळीवरच्या पहिल्याच पिशवीत एक पिवळं जॅकेट होतं, त्याच्याकडे पाठ करून तो उभा होता. इतकी पक्की पाठ, की वळावं लागू नये म्हणून तो खुर्चीपासूनही दूर राहिला होता.

"आता बोटाचं बटण," बाई म्हणाल्या. त्यांनी पडद्याला कुलूप घातलं, खिशातून मऊ कापड काढलं आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातलं ते चौकोनी बटण पुसलं. चष्म्याची काच पुसावी तसं, दोनदा. "तुमचं बोट ठेवा. जुळणार नाहीच, पण पडद्यावरची पासवर्डची चौकट हलते. हलली म्हणजे बटण चांगलं आहे."

काटेसाहेबांनी बोट ठेवलं. चौकट हलली नाही. दाबून ठेवलं, फुंकर मारून ठेवलं, दुसऱ्या हाताचं ठेवलं. काही नाही.

"सापडला दोष," असं म्हणता म्हणता ते थांबले आणि स्वतःशीच हसले. "दोष माझा आहे, ताई. जन्मभर लोखंडाची वजनं हाताळून बोटं गुळगुळीत झाली. ऑफिसातल्या हजेरीच्या यंत्राने मला कधीच ओळखलं नाही. जावईबापू, तुम्ही लावा."

"राहू द्या ना, काका. बाकी सगळं बघितलं की."

"बाकी सगळं बघितलं म्हणूनच."

जावई पुढे आला. उजव्या हातात बेचाळीस नंबरची पट्टी होती, ती त्याने सोडली नाही. डावा हात पूर्ण आडवा नेऊन, सगळी बटणं ओलांडून, त्याने कोपऱ्यात बोट टेकवलं. चौकट हलली. नाही, नाही, अशी मान हलवल्यासारखी.

"झालं, चांगलं आहे," तो म्हणाला आणि जिन्याकडे वळला. "चला."

काटेसाहेब उठले नाहीत. काय खटकलं, ते त्यांना आधी कळेना. मग कळलं. हा माणूस उजव्या हाताने जेवतो, उजव्या हाताने सही करतो, फोनही उजव्याच हाताने लावतो. बटण उजव्या कोपऱ्यात आहे. असा लांबचा वळसा घेणारे हात त्यांनी शेकडो दुकानांत पाहिले होते.

"ताई," त्यांनी हळूच विचारलं, "ते दुसरं बोट तुमचं का?"

"नाही."

"मग कुणाचं?"

"तेच विचारते मी सगळ्यांना," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, कापलाही नाही. गिऱ्हाइकाला कपडे कधी मिळतील ते सांगावं तसं त्या सांगत होत्या. "मुलगी नोकरीच्या गावी खोली घेऊन राहायची. एक जण आहे म्हणाली. नाव नाही सांगितलं. रविवारी घेऊन येते, भेटवते तुला, म्हणाली. शुक्रवारी दुपारी कुणीतरी तिला न्यायला आलं. ती गेली, ती गेलीच. दोन वर्षं होतील आता. फोन तिच्याबरोबर गेला. खोलीत राहिलं ते जॅकेट आणि हा लॅपटॉप. त्यात तिचं बोट, आणि शेवटच्या आठवड्यात घातलेलं हे दुसरं. पोलीस म्हणाले, आतलं बोट बाहेर काढता येत नाही. कंपनीलाही नाही. समोर माणूस असला तर जुळवता येतं, एवढंच."

खाली यंत्र सुरू झालं. कपडे हलले.

"म्हणून विकायला काढला. मला वाटलं, यात काय राहिलंय याची ज्याला भीती असेल तो येईल. नाहीतर कुणीतरी त्याला नकळत घेऊन येईल."

काटेसाहेबांना तिथून उठून जायचं होतं. हे अगदी खरं आहे, आणि त्याची त्यांना नंतर फार लाज वाटली. वीस दिवस राहिले होते. पत्रिका छापून आल्या होत्या. मुलगी गेल्या दोन महिन्यांत जितकी हसली तितकी आधी दोन वर्षांत हसली नव्हती. एक डावा हात, त्याचं काय एवढं? हजार कारणं असतील. समोर बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे, फक्त त्यांच्याकडे, बघत होत्या. एक आई एका बापाकडे बघते तसं. मग त्यांना स्वतःची मुलगी आठवली. तिचंही नाव असंच एखाद्या पडद्यावर राहील, आणि आपण ते रोज सकाळी उघडून बघू, असं त्यांच्या मनात आलं.

ते उठले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

"उजवा हात, जावईबापू."

"काका, हे काय चाललंय? वेड्या बाईचं ऐकून तुम्ही..."

"वेडी असेल तर चौकट हलेल. माझा आणि तुमचा दोघांचा जीव भांड्यात पडेल. मी पाया पडून माफी मागेन तुमची. लावा."

"आणि नाही लावलं तर?"

"तर मला कळेल."

जावयाच्या कपाळावर घाम आला होता. काटेसाहेबांनी अनेकांच्या कपाळावर तो बघितला होता, आणि आज पहिल्यांदा त्यांना तो बघवत नव्हता. मग तो तुटक हसला, पट्टी टेबलावर टाकली, आणि उजव्या हाताचं मधलं बोट चटकन बटणावर टेकवून उचललं. चौकट हलली. "झालं समाधान?"

"ते नव्हे," काटेसाहेब म्हणाले. "त्याच्या शेजारचं. तुम्ही माझ्या घरची बेल वाजवता, ते."

पळून जाता आलं असतं त्याला. काटेसाहेब साठीला आलेले, त्यांना ढकलायला कितीसा जोर लागला असता? पण तो टेबलाकडे असा गेला, जणू कुणीतरी त्याला खांद्याला धरून नेत होतं. त्याने तर्जनी ठेवली.

चौकट हलली नाही. पडदा उजळला. आवाजसुद्धा झाला नाही. पडद्यावर एक फोटो होता, याच लॉन्ड्रीच्या पायरीवर बसलेल्या बाई आणि त्यांच्या खांद्याला डोकं टेकवून हसणारी एक मुलगी. मुलीच्या अंगात पिवळं जॅकेट होतं.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी टेबलावरची बेचाळीस नंबरची पट्टी उचलली, उठल्या, आणि पिवळ्या जॅकेटच्या पिशवीला नीट टाचून टाकली. मग त्यांनी तिसरी खुर्ची ओढली.

"बस," त्या त्याला म्हणाल्या. "मला फक्त ती कुठे आहे ते सांग."

तो बसला.

काटेसाहेबांच्या खिशातला फोन वाजला. मुलगी होती. मागे साइटवरची ठोकाठोक ऐकू येत होती आणि तिचा आवाज आनंदात होता.

"बाबा, बघून झालं का? सापडला का काही दोष?"

"लॅपटॉपमध्ये नाही," काटेसाहेब म्हणाले. "तू आहेस तिथेच थांब. आईला फोन करून बोलावून घे. ती येईपर्यंत एकटी कुठे जायचं नाही."

"म्हणजे? बाबा, काय झालंय? आणि ते कुठे आहेत? आहेत ना तुमच्याबरोबर?"

"आहे," काटेसाहेब म्हणाले. "मी त्याच्याकडेच बघतोय."