दुसरा भाग, होल्डान

आमच्या ह्यांना थिएटरांचा अख्खा चौक, क्रॉस रोड्स, ओळखतो, आणि ह्याचा मला जेवढा वैताग आहे तेवढा गुडघ्यांचासुद्धा नाही.

हे म्हणजे मामिडाला ओदेलू. तेहतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. रिटायर झाले तेव्हा म्हटलं, आता घरात बसतील, चार भाज्या निवडून देतील. कसलं काय! दर शुक्रवारी नव्या पिक्चरचा पहिला शो. शो सुटला की सगळ्यांच्या आधी बाहेर, कारण बाहेर माइकवाली पोरं-पोरी उभी असतात. "तातय्या, पिक्चर कसा आहे?" असं विचारलं (तातय्या म्हणजे आजोबा) की हे छाती काढून बस सोडायचा हुकूम देतात, "रैट रैट!" म्हणजे पिक्चर चालणार. नाही आवडला तर "होल्डान!" म्हणजे गाडी इथेच थांबली, उतरा सगळे. एवढंच. पण त्या एका शब्दासाठी हजारो लोक मोबाइल उघडून बसतात. बाजारात भेंडी घ्यायला गेले तर भेंडीवाला मला विचारतो, "अम्मा, आज रैट की होल्डान?" अरे, भेंडी दे ना बाबा मुकाट!

माणूस खोटं बोलत नाही, हे मात्र खरं. एकदा एका हिरोच्या माणसांनी घरी मिठाई आणून दिली. ह्यांनी मिठाई खाल्ली आणि तरी होल्डान म्हणाले.

आणि शुक्रवार चुकवणं नाही. गेली तीन वर्षं एक शुक्रवार नाही. अंगात ताप असताना गेले. एका पिक्चरला थिएटरात सगळी मिळून अकरा माणसं होती, त्यातलं एक आमचं ध्यान. मी किती बोलले! पण मनातून मला ते बरंच होतं. कारण शुक्रवारी आमचा भार्गव यायचा.

भार्गव आमचा एकुलता एक. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि कृष्णानगरला पिक्चर कापायच्या खोलीत जाऊन बसला. एडिटिंग म्हणतात त्याला. ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. "पिक्चर बघायचा, तिकीट फाडायचं, घरी यायचं! त्यात संसार कोण मांडतं?" त्यानंतर बापलेकांत एक शब्द नाही. एकाच शहरात राहतात, पण बोलणं बंद. मग पोरगं शुक्रवारी सकाळी यायचं, बाप पिक्चरला गेला की. मी सर्वपिंडी, म्हणजे तांदळाच्या पिठाचं तेलातलं थालीपीठ, थापून ठेवायची. तो दोन खायचा, चार डब्यात न्यायचा, आणि शो सुटायच्या आत निघून जायचा. त्याची ताटली घासून, पुसून, फळीवर आधीसारखी लावून ठेवायची मी. तीन वर्षं! चोरट्यासारखं स्वतःच्याच घरात.

तर 'वेगु'चा दुसरा भाग येणार होता. वेगु म्हणजे हेर. पहिल्या भागात तो हेर ट्रेनवरून विमानावर उडी मारतो, तो. त्याला ह्यांनी रैट रैट म्हटलं होतं आणि तो शंभर दिवस चालला होता. दुसऱ्याची वाट बघून तर हे वेडे झाले होते. आधीच्या शुक्रवारी भार्गव आला, आणि सर्वपिंडीला हात लावायच्या आधी म्हणाला, "अम्मा, वेगु-टूचा दुसरा अर्धा भाग मी कापलाय. पडद्यावर माझं नाव आहे."

मला रडूच आलं. म्हटलं, "आज संध्याकाळी सांगते ह्यांना."

"नाही, नाही! सांगायचं नाही. त्यांनी स्वतः वाचायला हवं. फक्त एवढंच कर, तू त्यांच्याबरोबर जा. नाव अगदी शेवटी येतं, सगळं संपल्यावर. नान्ना कधी शेवटपर्यंत बसत नाहीत. तू त्यांना बसवून ठेव."

"बरं," म्हटलं मी. किती सोपं वाटलं होतं मला!

शुक्रवारी सकाळी सातचा शो. श्रीवेणी थिएटरसमोर ढोल, फटाके, हिरोच्या चार मजली चित्रावर दुधाच्या पिशव्या रिकाम्या होतायत. मी म्हटलं, मी पण येते. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विनातिकीट बसमध्ये चढले आहे. "तुझे गुडघे?"

"गुडघे माझे आहेत, मी बघते!"

रांगेतच निकाल लागायला सुरुवात झाली होती. आत कोणी गेलंसुद्धा नव्हतं! एक म्हणतो, अमेरिकेत रात्रीच बघितला लोकांनी, पहिला अर्धा सुपर, दुसरा झोपवतो. दुसरा त्याची कॉलर धरतो, "अमेरिकेतल्यांना काय अक्कल?" तिसरा म्हणे पहिल्या भागाची सर नाही. अरे मेल्यांनो, बघा तरी आधी! माझ्या पोराची दोन वर्षांची झोप त्यात गेली आहे, आणि हे दाराबाहेर उभं राहून नापास करतायत. पण बोलायची सोय नव्हती. तोंड शिवून उभी राहिले.

पहिला अर्धा छान होता. निदान असावा. हिरो आल्यावर कागदाचे कपटे असे उडाले की दहा मिनिटं मला पडदाच दिसला नाही. मध्यंतराला हिरोच्या सख्ख्या भावानेच त्याला गोळी घातली, आणि थिएटर उठून नाचलं. हे पण नाचले, ह्या वयात. मध्यंतरानंतर माझा जीव टांगणीला लागला, कारण आता माझ्या लेकाचं काम सुरू होणार होतं.

काय सांगू? तोपर्यंत पळणारा हेर जीपमध्ये बसला आणि आपल्या गावी गेला. का गेला, देव जाणे. तिथे आजी, म्हैस, जुनी आठवण, मग शेतात एक गाणं, मग त्या आठवणीतली आणखी एक आठवण. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, बॉम्ब फुटायला वीस मिनिटं उरली होती ना?" लोक हसले. ह्यांनी जांभई दिली. मी त्यांना कोपराने ढोसलं.

शेवटची मारामारी संपते न संपते तोच हे उठले. मी शर्ट धरला. "बसा ना जरा."

"सोड! माइकवाले जातील."

"नावं येतात ती बघू."

"नावं काय बघायची? आपली सोयरीक आहे का तिथे?" असं म्हणाले आणि शर्ट सोडवून पळाले. मी तरी बसून वाचते म्हटलं, तर दिवे लागले, दारं उघडली, आणि वरच्या ऑपरेटरने पडदाच काळा केला. बाहेर पुढच्या शोची गर्दी होती ना! इथे नावं कोण दाखवतं? पोराला एवढंही माहीत नाही. दोन वर्षं पिक्चर कापतोय, थिएटरात कधी गेला नाही वाटतं.

धडपडत बाहेर आले तोवर मौनिका नावाच्या पोरीचा माइक ह्यांच्या तोंडापाशी होता.

"पहिला अर्धा रैट रैट!" ह्यांनी हात वर केला. गर्दीने शिट्ट्या मारल्या. "दुसरा अर्धा... होल्डान! जीप गावात शिरली तिथेच गाडी बंद पडली. कापणारा हातात कात्री धरून झोपला होता!"

एक चाहता अंगावर आला, "तातय्या, दुसऱ्या हिरोकडून काय मिळालं?" बाकीचे हसत होते. त्या व्हिडिओत ह्यांच्या मागे एक बाई दोन्ही हातांनी कपाळ बडवताना दिसते. ती मी.

दुपारपर्यंत तो सगळीकडे पोचला. शेजारच्या सुगुणाने आणून दाखवला. कुणीतरी झोपलेल्या माणसाचं चित्र काढून त्याच्या हातात कात्री दिली होती. मी भार्गवला फोन लावला. उचलला नाही. सात वेळा लावला. नाहीच उचलला.

हे ताक-भात खात होते, आणि वर मला सांगत होते, किती जणांनी बघितलं. मग माझा बांध फुटला. "जेवा, जेवा पोटभर! तुमच्या लेकानेच धरली होती ती कात्री! भार्गवने! तुम्ही नाव वाचावं म्हणून त्याने मला पाठवलं होतं, आणि तुम्ही जगासमोर त्याला झोपाळू ठरवून आलात!"

घास हातात राहिला. मग उठले, हात धुतला, सकाळचाच शर्ट चढवला. "चल."

"कुठे?"

"मॅटिनीला."

पुन्हा तोच हेर, तीच म्हैस. माझे गुडघे बोंबलत होते. हे ह्या वेळी हसले नाहीत, नाचले नाहीत. जीप आली तेव्हा पुढे वाकून बसले. शेवटी सगळे उठले तरी हे हलले नाहीत. दिवे लागले, झाडूवाल्या बायका आत आल्या, आणि पडद्यावर नावं सुरू होतात तोच वरून पिक्चर बंद.

हे खुर्चीवर चढले आणि तेहतीस वर्षांच्या गळ्याने ओरडले, "होल्डाऽऽन!"

झाडू थांबले. वरच्या खिडकीतून ऑपरेटर यादगिरीने डोकं बाहेर काढलं. "काय झालं, तातय्या?"

"नावं लाव. पुढची."

"अहो, बाहेर लोक तापलेत!"

"माझं पोरगं आहे त्यात. लाव!"

यादगिरीने लावलं. ह्यांनी बोट उचलून एकेक ओळ वाचायला घेतली, तिकिटांचे नंबर तपासायचे तशी. मारामारीवाले, गाडीवाले, जेवणवाले. आणि मग आलं. मामिडाला भार्गव. दोन श्वासांत वर सरकून गेलंसुद्धा.

"अक्षरं फार बारीक ठेवतात," हे म्हणाले आणि खुर्चीवरून उतरले.

बाहेर मौनिका होतीच. "तातय्या, दुसऱ्यांदा? मत बदललं?"

मी मनात सगळ्या देवांना हात जोडले. एकदा म्हणा हो, पोरासाठी एकदा रैट रैट म्हणा.

"नाही बदललं," हे म्हणाले. "दुसरा अर्धा होल्डानच. जीपपासून गाण्यापर्यंत नको होतं. आणि तो माझ्या मुलाने कापलाय. मामिडाला भार्गव. नाव अगदी शेवटी येतं. उठू नका, बसून वाचा."

आता ह्या माणसाला काय करावं! मी तिथेच पायरीवर बसले. तेवढ्यात फोन वाजला. भार्गव. त्याने ते थेट बघितलं होतं.

"अम्मा, नान्नांना सांग, जीपपासून गाण्यापर्यंतच मी काढलं होतं. सगळंच्या सगळं. निर्मात्यांनी परत घातलं."

मी सांगायच्या आत ह्यांनी फोन ओढून घेतला. तीन वर्षांनी. वाटलं, माफी मागतील. कसली माफी!

"मग तू गप्प बसलास?"

"होल्डान म्हटलं, नान्ना. कुणी ऐकलं नाही."

ह्यांनी नाक तेवढं ओढलं. मग म्हणाले, "शुक्रवारी ये. मी घरी आहे."

"शुक्रवारी? पण तुमचा शो..."

"अरे, त्या अकरा माणसांच्या पिक्चरला मी काय हौसेने गेलो होतो? घरात सर्वपिंडीचा वास येतो, तेल संपतं, मला कळत नाही? तू येतोस म्हणून जात होतो."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बस स्टॉपकडे चालायला लागले. तीन वर्षं मी ती ताटली घासून पुसून फळीवर लावत होते.