तळमजल्यावरचं गवत

“गवताला पाजायला पानी हाय, आन मानसांच्या बादल्या सुक्या,” पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून गोजरबाई पुटपुटली. कुणाला म्हणते ते कळू नये इतपत हळू, पण खाली ऐकू जावं इतपत मोठ्यानं.

संध्यानं नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. धार बारीक झाली. वर न बघताच तिनं उरलेल्या कोपऱ्यावर घाईघाईनं पाणी शिंपडलं आणि नळ बंद केला. टाकीतलं पाणी सगळ्यांचं होतं, हे खरंच होतं. पण नर्सरीवाल्या चंदूनं बजावलं होतं, की पहिले वीस दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी पाहिजे, आणि त्यावर पाय ठेवायचा नाही. पाय ठेवणारं कोणी नव्हतं, त्यामुळे दुसरी अट आपोआप पाळली जात होती.

मांजर्लीतलं हे घर घेऊन तिला दोन महिने झाले होते. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात बावीस वर्षं शिलाई मशीन चालवून घेतलेलं घर. तळमजला हवा होता, कारण आईच्या गुडघ्यांना जिना चढवत नव्हता. दीड खोली, मोरी, आणि दारापुढे बारा बाय नऊचा मातीचा तुकडा. घर बघायला आली त्याच दिवशी तिनं ठरवून टाकलं होतं, की इथं लॉन लावायची आणि कडेला आईची खुर्ची ठेवायची. आई भावाच्या घरी पार्टिशनच्या आड खाटेवर पडून असायची. तिथून तिला समोरच्या इमारतीचा ड्रेनेजचा पाईप दिसायचा.

घरात काही गोष्टी विचित्र होत्या. सगळे प्लगपॉइंट खांद्याच्या उंचीवर. आधीचा मालक उंच असावा, असं तिनं ठरवलं. भिंतींना छातीपर्यंत नवा ऑइलपेंट होता, वर जुनाच चुना. नदी जवळ आहे, पाण्याचं कसं, असं तिनं एजंटला एकदा विचारलं होतं. “ते पलीकडच्या गल्लीत, मॅडम,” असं म्हणून त्यानं किचनचा ओटा दाखवला होता. ओटा चांगला होता. तिनंही पुन्हा विचारलं नव्हतं.

चंदूनं गवताचे चौकोनी तुकडे गेटपाशी उतरवले तेव्हा तो लावून द्यायला तयार होता. तिनं नको म्हटलं. कापलेले तुकडे जोडायचे, एवढंच तर काम. जन्मभर दुसरं काय केलं? एका रविवारी तिनं तुकडा न् तुकडा सारख्या दिशेनं मांडला, कडा हातानं सरळ केल्या, आणि संध्याकाळी कंबर धरून उभी राहिली तेव्हा खरोखरच एकसंध हिरवं कापड अंथरल्यासारखं दिसत होतं.

जाता-येता सगळे कौतुक करायचे. दुसऱ्या मजल्यावरची नेत्रा गेटबाहेरूनच म्हणायची, छान दिसतंय हं, आणि घड्याळ बघायची. तिसऱ्या मजल्यावरच्या शाळकरी प्रज्वलचे वडील मान हलवायचे आणि खिशातल्या किल्ल्या काढायचे. तिच्याशी बोलताना प्रत्येकाला कुठंतरी जायचं असायचं. सुरुवातीला ती चहाचं विचारायची. नंतर तिनं एक कपच धुवून ठेवायला सुरुवात केली. कारखान्यातून आली, की ती लॉनच्या कडेला खुर्ची टाकून बसे आणि मशीनवर बसल्यासारखंच पुढं वाकून गवताकडे बघत राही.

महेशचा, भावाचा, फोन दर बुधवारी यायचा. ती दर वेळी सांगायची, अक्षय्य तृतीयेला आईला आण. तो हो म्हणायचा, मग म्हणायचा, ऊन फार आहे. मग म्हणायचा, “ताई, गणपतीनंतरच बघू ना. पावसाळा होऊन जाऊ दे.” संध्याला वाटायचं, वहिनी आईला सोडत नसेल, आईच्या हातून लसूण सोलून होतो, ती घरात असली की दार उघडं टाकून जाता येतं. एकदा ती रागानं तसं बोललीसुद्धा. महेशनं आईच्या औषधांचा विषय काढला. त्याचं विषय बदलणं तिनं कबुलीत जमा केलं.

पंधराव्या दिवशी गवतावर पिवळ्या रेघा उमटल्या. आधी फिक्या, मग वाळक्या. आडव्या-उभ्या, अगदी समांतर, चौकडीच्या कापडासारख्या. तिनं पाणी वाढवलं. रेघा रुंदावल्या.

चंदू आला, उकिडवा बसला, एक कड नखानं उचलली आणि हसू दाबत म्हणाला, “ताई, हे एकावर एक चढवलेत तुम्ही.”

“अर्धाच इंच,” ती म्हणाली. “जोडाला मार्जिन नको?”

“वरच्याची मुळं खालच्या गवतावर बसली. मातीला लागलीच नाहीत. कडेला कड लावायची असते हो, भिडवून. लॉनला शिलाई मारत नाहीत.”

संध्यालाही हसू आलं. बावीस वर्षांत कुणी तिच्या जोडात खोट काढली नव्हती. चंदूनं सांगितलं, सगळं उचला, वीतभर खणून माती मोकळी करा, मग परत लावा, अजून जगेल. “माती तशी चांगली आहे इथली,” तो म्हणाला. “गाळाची...” आणि एकदम चपलेची माती झटकायला लागला. चहाला थांबला नाही.

रविवारी सकाळी ती खुरपं घेऊन बसली. तुकडे उचलून ओल्या गोणपाटावर ठेवले. माती करडी, मऊ, चाळलेल्या पिठासारखी होती. खडा म्हणून लागत नव्हता. चार बोटं खणल्यावर खुरपं कशात तरी अडकलं. ओढलं तर काळपट मुळांची चटई वर आली. वाळलेली, पण चौकोनी. आणि शेजारच्या चौकोनाला नीट भिडवलेली. ज्यानं कुणी लावली होती, त्याला लावता येत होती.

तिनं ती चटई बाजूला ठेवली. मग त्याखालीही खणलं. पुन्हा करडा, गुळगुळीत थर. त्याच्याखाली आणखी एक चटई.

तिनं हात पुसले आणि महेशला फोन लावला. बुधवार नव्हता, त्यामुळे तो घाबरूनच बोलला. सगळं बरं आहे ना, हे दोघांनी एकाच वेळी विचारलं.

“महेश,” ती म्हणाली, “गणपतीनंतरच का?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आई कुणाला तरी काहीतरी सांगत होती. महेशचा श्वास अगदी स्पष्ट ऐकू येत होता.

“आवाज येत नाहीये, ताई,” तो म्हणाला. “नंतर करतो.”

फोन तिनं मांडीवर ठेवला. खणून काढलेल्या जुन्या चटयांचे आठ-दहा चौकोन वाटेवर वाळत मांडलेले होते, कुणी पापड घातल्यासारखे. नेत्रा जिना उतरली, तिनं ते पाहिलं, आणि पिशवी विसरल्यासारखं करून परत वर गेली. गोणपाटावरचं नवं गवत उन्हानं मान टाकायला लागलं होतं. संध्यानं बादली भरून आणली, पण ओतली नाही.

जिन्यात एकेक पायरी घेणारी पावलं वाजली. गोजरबाई गेटच्या आत आली. या दोन महिन्यांत पहिल्यांदाच. तिनं वाळलेल्या चटयांवरून नजर फिरवली, गुडघा धरून पायरीवर टेकली, आणि बादलीतल्या पाण्यानं ओंजळ भरून गोणपाटावर शिंपडली.

“आईला आननार होतीस ना?” तिनं विचारलं.

“तृतीयेला. जिना चढवत नाही तिला. म्हणून तर...” संध्या म्हणाली.

गोजरबाईनं आणखी एक ओंजळ शिंपडली. मग ओले हात लुगड्याला पुसत, जमिनीकडे बघत बोलली.

“इकरं पानी येतं, बाय. दोन-तीन सालांत एकदा येतंच, या खिरकीपरत. सगल्यांना म्हाईत हाय. तुझ्या आदीच्या दोगी आल्या, गवत लावलं, पानी आलं, गेल्या. आमी वरून बगत रायलो, कोन बोललं नाय. बोललो असतो त घर इकलं नसतं, आन आमची बी घरं हायेत ना इकरंच.” ती थांबली. “आईला आन. पानी वर चरायला लागलं, का मना हाक मार. खुर्चीत बसवून चौगी मिलून वर नेऊ तिला.”