जुनिपरची उंची

हेस्टर प्रूएटसारखी तोंडाळ बाई आमच्या काउंटीत दुसरी नाही, आणि हे मी सांगतेय म्हणजे बघा. वर्षानुवर्षं आम्ही दोघी एकाच जत्रेत बुटक्या दुभत्या शेळ्या घेऊन उतरलो आणि एकमेकींच्या शेळ्यांना नावं ठेवली. "व्हर्ना, शेळी आणलीस की स्टूल?" असं ती भर रिंगणात विचारायची.

आता ती गावाबाहेरच्या त्या घरात आहे, जिथे लोकांना बरं व्हायला पाठवत नाहीत. तिला एकच गोष्ट हवी होती. तिची शेळी जुनिपर दोनदा पहिली आली होती. तिसऱ्या जजनंही पहिली काढली, की शेळीच्या नावापुढे कायमचं 'चॅम्पियन' लागतं. हेस्टरच्या कळपात आजवर एकीलाही ते लागलं नव्हतं. ही जत्रा जुलैची, पुढची सप्टेंबरात, आणि सप्टेंबरचं नाव तिच्यासमोर कुणी काढत नव्हतं.

तर जुनिपरला घेऊन आला हेस्टरचा नवरा डेलबर्ट. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, शेळीशी त्याचा संबंध चीज खाण्यापुरता. पण पांढरी पँट, पांढरा शर्ट, सगळं नियमाप्रमाणे. कास भरलेली दिसावी म्हणून आदल्या संध्याकाळपासून दूध काढलं नव्हतं. ते आम्ही सगळेच करतो. शेळी मात्र पाय जपून टाकत होती. मी तिचा खूर उचलून बघितला. तासून तासून गुलाबी मांसापर्यंत आणलेला.

"हे काय केलंस रे?"

"घरी मोजली," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "उंची जरा जास्त भरली. म्हटलं, खूर कापले की बसेल."

मला इतका राग आला त्याचा, आणि रडूही आलं. साडेबावीस इंचांच्या वर गेलेली शेळी या जातीत धरतच नाहीत, मग ती कितीही देखणी असो. आणि शेळी तिसऱ्या वर्षीही वाढते, त्याला कोण काय करणार?

"घरी घेऊन जा तिला," मी म्हटलं.

"आणि हेस्टरला काय सांगू?"

जज तरुण पोरगी होती, पण मनानं चांगली. मोजायची दांडी लावून तिनं आडवी पट्टी जुनिपरच्या खांद्यावर टेकवली. मग शेळीला सपाट फळीवर उभं केलं आणि पुन्हा मोजलं. मग आणखी एकदा.

"सॉरी, मिस्टर प्रूएट," ती हळूच म्हणाली. "हिला रिंगणात घेता येणार नाही."

डेलबर्टनं मान डोलावली आणि तिथंच उभा राहिला. शेवटी मीच त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला केलं.

पहिली आली माझी टॉफी. एरवी मी गावभर मिरवलं असतं. जजनं माइकवर कारणं सांगितली, पहिली शेळी दुसरीच्या वर का, ती दुसरी तिसरीच्या वर का. आमच्याकडे ती सांगावीच लागतात. मी पहिल्या नंबरची फीत घेतली आणि सरळ गोठ्यात गेले.

तिथं डेलबर्टचा फोन वाजला. त्याच्या कानांचा आनंदच, म्हणून तो फोन नेहमी स्पीकरवर घेतो.

"पहिली आली," तो म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

"कारणं सांग," हेस्टरचा बारीक आवाज आला. "शब्द न् शब्द सांग."

डेलबर्टचं तोंड उघडं ते उघडंच. त्यानं फोन माझ्या हातात कोंबला.

आता मी काय करायचं? जजच्या थाटात सांगत सुटले. "जुनिपर पहिली, कारण पाठ सरळ, मागचे पाय रुंद, आणि कास पुढून पोटाला अशी मिळालेली, की जोड दिसत नाही." तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, पटलं तिला.

"व्हर्ना," हेस्टर म्हणाली, "ही तर तुझी टॉफी."

मी डेलबर्टकडे बघितलं.

"माझ्या जुनिपरची कास पुढून ढिली आहे. दोन्ही जजनी ते बोलून दाखवलंय. तू तर दर जत्रेला ऐकवलंयस." तिला धाप लागली, ती थांबली. "म्हणजे मोजणीतच गेली. किती जास्त भरली?"

"अर्धा इंच."

"खूर कापून? त्यानं कापले असणारच."

"कापूनसुद्धा."

"गाढव आहे तो," ती म्हणाली, पण नेहमीसारखी ओरडून नाही, आणि तेच मला सोसवेना. "म्हणजे तिची करडंही तशीच वाढणार. संपलं गं सगळं." पुन्हा धाप. "टॉफीला दिलं ते बरोबर दिलं जजनं. आता डेलबर्टला सांग, जुनिपरचं दूध काढ म्हणावं. कालपासून तुंबलंय, ठणकत असेल तिला."

फोन बंद झाला. सांगायची गरज नव्हती, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो बादली घेऊन खाली बसला. धार निम्मी बाहेर जात होती.

"सरक, मी काढते," मी म्हटलं.

"नको. तिनं मला सांगितलंय."

बराच वेळ तो दूध काढत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "आता ती कशासाठी थांबेल, व्हर्ना?"

माझी जीभ कशी चालते ते सगळी काउंटी जाणते. मी जुनिपरचा पट्टा धरून नुसती उभी राहिले.