लांब शिट्टीचा अर्थ

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. चऱ्होलीच्या एका फ्लॅटमध्ये किल्ल्यांच्या जुडग्यात लटकते. मित्रांनो, मी लढाई पाहिली आहे, म्हणजे तिचा शेवट.

कारखान्यात घडल्यावर मी फौजेत गेले, हवालदार लक्ष्मणरावांच्या गळ्यात. माझी भाषा सोपी होती. दोन आखूड म्हणजे पुढे, एक लांब म्हणजे थांबा. तुकडीतल्या पोरांना ती पाठ होती.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पंजाबच्या सीमेवर रात्री युद्धविरामाची बातमी आली. सकाळी पोरे खंदकांबाहेर आली आणि शेजारच्या तुकडीला मिठ्या मारायला पळत सुटली. मधल्या शेतात सुरुंग होते. लक्ष्मणरावांनी मला जिवाच्या आकांताने वाजवले, एकदा, लांब. पण पोरे गावाकडची. जत्रेत, तमाशात शिट्टी वाजते ती आनंदानेच. "हवालदारसाहेब पण खुशीत आलं!" कुणीतरी ओरडले. सगळ्यांत पुढे बीडकडचा बबन होता. त्याने मागे वळून टोपी हलवली आणि तसाच पळाला. सुरुंग फुटला तेव्हा बाकीचे थांबले.

यात माझा काय दोष? पण लक्ष्मणरावांचा माझ्यावरचा भरवसा उडाला तो उडालाच. पुढे फौजेतून निवृत्त झाल्यावर ते चाकणच्या एका कंपनीत वॉचमन झाले आणि गेटवर आम्ही ट्रक मागे घ्यायला मदत करायचो. ड्रायव्हर म्हणायचे, "काका असले की टेन्शन नाही." तरी ट्रक थांबवताना लक्ष्मणराव मला वाजवून वर दोन्ही हात उंच करायचे. मला वाईट वाटे.

गेल्या महिन्यात सोसायटीने लक्ष्मणरावांचा सत्कार केला. त्याचा फोटो मोबाइलवरून फिरत चिखलीला पोचला. तिथे बबनची धाकटी बहीण सोजरबाई नातवाकडे राहते. त्याने फोटोखालचे पलटणीचे नाव वाचून दाखवले आणि ती थेट आमच्या घरी आली. सूनबाई मोनिकाने चहा दिला, तो तिने घेतला नाही.

"दादा, खरं सांगा. आम्हाला नुसतं कळवलं, कामी आला. माय मरेस्तोर इचारीत व्हती, लेकरू भेलं व्हतं का?"

लढाई संपल्यावर भाऊ गेला, हे बहिणीला कसे सांगायचे? हीच भीती लक्ष्मणरावांनी जन्मभर बाळगली होती. शेवटी त्यांनी सगळे सांगितले. शिट्टीचे, टोपीचे.

सोजरबाई पदर तोंडाला लावून रडली. मग म्हणाली, "म्हंजी लढाई सरली, हे त्याला ठावं व्हतं?"

"होय. हसत होता."

"मंग भेला न्हाई. त्याच्या मनानं तो घरीच निघाला व्हता म्हना."

लक्ष्मणरावांनी मान हलवली. तिने गार झालेला चहा घेतला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगते, कुणाचे काही सांगायचे राहिले असेल तर वेळेत सांगा. हे ऐकायला बबनची माय हवी होती.