मॉरिसला लावलेलं तेल

गाडीतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. वेंगुर्ल्याच्या कचेरीत मी अव्वल कारकून. फायलींवर शेरे मारण्यात जन्म गेला. स्क्रू कुठल्या बाजूला पिळला की सुटतो, इथपासूनच माझी बोंब. तरी पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर भाईच्या मांगरात सडत पडलेली मॉरिस मी दुरुस्तीला काढली, आणि आमच्या गावात, शिरोड्यात, जो भेटेल तो मला हसायला लागला. हसेनात का! मी त्यांच्यासाठी थोडाच करत होतो?

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ, हरिश्चंद्र. रेडीच्या एका खाणमालकाकडे त्याने अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली. मालकाने इथला कारभार आवरला तेव्हा ती बावन्न सालची बाटलीहिरवी मॉरिस भाईला देऊन टाकली. दोनेक वर्षं भाईने ती फिरवली. मग कसलासा पार्ट मिळेना, म्हणून घरामागच्या मांगरात नेऊन लावली ती लावलीच. वर झापांचं छप्पर, खाली रेती, आणि हाकेच्या अंतरावर समुद्र. खाऱ्या वाऱ्याने दहा वर्षांत तिचं काय करायचं ते केलं.

माझं शिक्षण भाईच्या पगारावर झालं. आणि मी काय पांग फेडले? एकदा घरून निघताना मी डबा विसरलो. भाई तो घेऊन कचेरीत आला. दारातच आमच्या साहेबांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "ड्रायव्हर आहेत." खोटं काही नव्हतं त्यात. भाईने डबा टेबलावर ठेवला आणि निघून गेला. त्याबद्दल तो मला कधी एका शब्दाने बोलला नाही. त्याच्या त्या न बोलण्याचा मला इतका राग यायचा की मीच त्याच्याशी तुटक वागायला लागलो. चौदा वर्षं! घरं एकाच वाडीत, पण सणासुदीला तेवढा जायचो.

त्या साली श्रावणात भाईला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उजव्या पायाला टाचणी टोचली तरी त्याला समजत नसे. मधुमेह आधीपासून होताच. डॉक्टर म्हणाले, वर्षभर काढतील. मूलबाळ नाही, कावेरीवहिनी एकटी त्याचं सगळं करायची. मी ठरवून टाकलं, जायच्या आधी भाईला त्याच्या चालू गाडीत बसवायचं. माफी मागायला माझं तोंड उघडत नव्हतं. निदान गाडी तरी चालू होईल, म्हटलं.

रेडी बंदरात लाँचींची इंजिनं दुरुस्त करणारा गुलाम माझ्या ओळखीचा. त्याने मॉरिसचं बॉनेट उघडून पाहिलं, खाली वाकून पाहिलं, आणि च्च च्च केलं.

"भाऊसाहेबानू, इंजिनाचा मी बगतंय. पण ह्यो खालचो पत्रो बगा, पापड झालोहा. खरवडूचा काम तुमी करा."

मग दर रविवारी मी मांगरात. बायको, सरला, म्हणायची, "कचेरीत कधी एवढा घाम गाळला असता तर आज मामलेदार झाला असता." वहिनी भाईला खुर्चीत बसवून मांगराच्या दाराशी आणून ठेवायची. मी पॉलिश पेपरने गंज घासायचो, रॉकेलमध्ये बुडवून नटबोल्ट धुवायचो, सुटी घेऊन म्हापशाच्या बाजारातून जुने पार्ट शोधून आणायचो. कार्बोरेटर खोलला तो परत जोडता येईना. तीनदा जोडला, तीनदा दोन तुकडे जास्तीचे उरले. मी काही चुकीचं करायला गेलो की भाई डाव्या हाताने खुर्चीचा दांडा वाजवायचा. ठक. ठक. एकदा इतका वैतागलो की पाना फेकून ओरडलो, "मग तूच ये नि कर ना!"

वहिनी आतून धावत आली. बघते तर भाई हसतोय. अर्ध्याच तोंडाने, पण हसतोय. धाकट्या भावासारखा मी त्याच्यावर ओरडलो त्याला किती वर्षं झाली होती! मलाही हसू फुटलं.

माघ संपता संपता गुलामने इंजिन उठवलं. धुराचा लोट निघाला, दोन कोंबड्या मांगरातून बाहेर पळाल्या, आणि इंजिन चालू राहिलं. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय वाहनाचं चाक फिरवत नाहीत. गावाच्या वतीने ते घालणाऱ्या गावकर भिकाजीने पुढच्या सोमवारचा दिवस दिला. राहिला होता फक्त तळाचा पत्रा. गुलाम म्हणाला, "गोव्यासून गंजावरचो रंग, रेड ऑक्साइड हाडतंय. दोन हात मारू, सुकाक देव, मगे काय ता गाऱ्हाणा घाला. घाई कित्याक?"

घाई माझ्या स्वभावातच. सोमवार म्हणजे सोमवार! मी लहानपणापासून बघत आलोय, आमचे लोक होडीला काजूच्या टरफलाचं तेल लावतात. काळं, दाट, उग्र तेल. मग त्या लाकडाला ना कीड लागत ना खारं पाणी बाधत. म्हटलं, होडीला चालतं ते गाडीला का चालू नये? काजूच्या कारखान्यातून डबाभर तेल आणलं. ते कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक. मलाही ठाऊक होतं. म्हणून मी आधी कोपरापर्यंत हातांना खोबरेल चोपडलं आणि मग गाडीच्या तळाला खालून-वरून तेल फासलं. माझे हात मी बरोबर वाचवले.

लाकूड तेल पितं. पत्रा पीत नाही. एवढी साधी गोष्ट अव्वल कारकुनाच्या डोक्यात आली नाही. सोमवारी सकाळीही तळ चिकट होता. मी त्यावर गोणपाट अंथरलं. झालं काम, म्हटलं.

भिकाजीने बॉनेटवर नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या हरिश्चंद्राची गाडी त्याच्या भावान, सदानंदान उभी केल्यान हा. तिका खंयची इडापिडा लागू नको रे म्हाराजा!" जमलेली वाडी ओरडली, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

आम्ही चौघांनी भाईला उचलून स्टिअरिंगमागे बसवलं. अनवाणीच होता. उजवा पाय आपला आपण हलत नव्हता, म्हणून मीच तो धरला आणि गोणपाटावर नीट ठेवला; डावा त्याने सवयीने क्लचवर नेला. गुलामने इंजिन चालू केलं. भाईने डाव्या हाताने स्टिअरिंग पकडलं आणि डोळे मिटून घेतले. लोक गूळखोबरं खाऊन पांगले, गुलामने इंजिन बंद केलं, तरी भाई उतरेना. उचलायला गेलो की मान हलवायचा. "बसांदेत," वहिनी म्हणाली. "कितक्या दिसांनी खूश दिसतत!" मी शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन मांडी घालून बसलो. ऊन चढलं, पत्रा तापला. दोनेक तास आम्ही तसे बसलो होतो. शेवटी माझ्या तोंडून निघालंच, "भाई, त्या दिवशी कचेरीत मी... माझा भाऊ आहे म्हणून सांगायला हवं होतं रे."

भाईने स्टिअरिंग सोडलं आणि डावा हात माझ्या मानेवर ठेवला. लहानपणी शाळेत पोचवायला न्यायचा तेव्हा ठेवायचा तसा. मी रडलो. बावन्न वर्षांचा घोडा, ओक्साबोक्शी रडलो. चौदा वर्षांचं ओझं उतरलं होतं. आयुष्यात एवढं सुख मला कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वहिनीचं बोलावणं आलं. भाईच्या उजव्या तळव्यावर फोड आले होते, मोठाले, पाण्याने भरलेले. दोन फुटून कातडी सुटली होती. डॉक्टरांनी पाय उचलून बघितला आणि विचारलं, "शेक कोण देतं यांना?"

"मी," वहिनी म्हणाली. "रोज रात्री. रबरी पिशयेन."

"अहो, बधिर पायाला शेक देतात का? भाजलंय हे! त्यांना कळत नाही, पण तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

वहिनीने तोंडाला पदर लावला. मी तिच्या बाजूलाच उभा होतो. टाचेच्या भेगांत काळं तेल बसलेलं मला स्वच्छ दिसत होतं. आता सांगतो, डॉक्टर बाहेर आले की सांगतो, वहिनी जरा सावरली की सांगतो. असं करत करत मी डॉक्टरांची बॅग उचलून त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून आलो.

मधुमेहाचा पाय तो. चिघळत गेला. भाईला गोव्याच्या इस्पितळात नेलं तेव्हा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. भाई परत आला नाही. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी गेला.

दिवसकार्याला येईल त्याला वहिनी एकच सांगायची, "माज्या हातान गेले ते. मी भाजलंय त्येंका." बायका समजूत घालायच्या. मी पानं वाढायचो. पुढेही आठवड्यातून एकदा तिच्याकडे जायचो, भाजी-मासळी पोचवायचो, आणि दर खेपेला तेच ऐकून घरी यायचो. सांगून आता कोण परत येणार आहे, अशी माझी मीच समजूत घालायचो. हरामखोरीला माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

कार्तिकात एका सकाळी गेलो. हवेत चांगलाच गारठा होता. वहिनी विहिरीवरून ओलेत्याने येत होती, ओठ काळेनिळे, दात वाजत होते. म्हटलं, "वहिनी, पाणी तापवायचं नाही का? मराल अशाने!"

"त्येंका भाजलंय मी," ती म्हणाली, "माका कित्याक व्हया ऊन पाणी?"

पाडव्यापासून तिने ऊन पाणी अंगाला लावलं नव्हतं. मला तिथे उभं राहवेना. ती लुगडं बदलून आली, आणि मी पायरीवर बसून सगळं सांगितलं. तेल, गोणपाट, माझ्या हातांना लावलेलं खोबरेल, सगळं.

माझं संपल्यावर तिने विचारलं, "तुमका कधी कळला?"

"डॉक्टरांनी पाय उचलला तेव्हाच."

"म्हणजे माज्या बाजूक उभे होतास तेवाच."

"हो," मी म्हटलं.

"तेल चुकान लागला, भावजी. चूक कोणाच्याय हातान होता. तुमी त्येंच्यासाठी किती राबलात ता मी बघलंय. पण आठ म्हयने तुमी माजा रडणा ऐकलात. हय येवन, माज्या हातची च्या पिवन ऐकलात." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आता जावा. परत ह्या घराची पायरी चढा नको."

मी उठलो. ती मागच्या दाराने न्हाणीकडे गेली. ओले केस तसेच सोडलेले. माडाची पिडं, झावळ्यांचे सुके देठ, मोडल्याचा आवाज आला, मग न्हाणीच्या कौलांतून धूर वर यायला लागला. धूर चांगला दाट होईपर्यंत मी बाहेरच्या बेड्याशी, फाटकाजवळ थांबलो.

घरी आलो. सरलाने विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

म्हटलं, "हो. आज ऊन पाण्याने आंघोळ केली तिने."