लोसाचे हात आणि माझा जुळा भाऊ

मित्रांनो, माझी पाठ खरचटलेली आहे, माझं बटण दोनदा दाबावं लागतं आणि डिस्क आत घेताना मी म्हाताऱ्यासारखा कण्हतो. असा मी एक जुना डीव्हीडी प्लेअर. ब्रिस्बेनच्या दक्षिणेला, लोगनमध्ये, सेमिसी नावाच्या टोंगन माणसाच्या घरी माझं आयुष्य गेलं.

कुठल्या कारखान्यात मी जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते दुकान. सेमिसीने एकाच दिवशी दोन प्लेअर आणि दोन जाड पाठीचे टीव्ही घेतले. एक जोडी घरी ठेवली. दुसरी नाताळच्या पेटीत, साखर, ब्लँकेटं आणि मांसाच्या डब्यांसोबत, टोंगातल्या वावाऊ बेटावर थोरल्या बहिणीला धाडली. त्या पेटीतला प्लेअर माझा जुळा भाऊ. आमची पुन्हा भेट झाली नाही.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. लग्न असो, मयत असो, बाळाचा पहिला वाढदिवस असो, सेमिसी कॅमेरा घेऊन हजर. मग तो संगणकावर डिस्क बनवी आणि बेटावर पाठवी. पाठवण्याआधी प्रत्येक डिस्क माझ्या पोटात फिरे. मी अडखळलो नाही, की तो माझ्या डोक्यावर थाप मारी. "याने पास केलं म्हणजे आक्काकडे चालणार," असं तो म्हणे.

पुढे घरात चपटा टीव्ही आला, नवा प्लेअर आला, नवा कॅमेराही आला. मी आणि जाड पाठीचा टीव्ही खांबांवरच्या त्या घराखाली, गवत कापायच्या यंत्राशेजारी जाऊन बसलो. माझ्या झाकणावर पालीने अंडी घातली. पण डोक्यावर लाकडी जमीन होती आणि फटींतून वरचं सगळं ऐकू येई.

त्या वर्षी बेटावरच्या गावात नवं सभागृह उभं राहत होतं, सेमिसीच्या वडिलांच्या नावाचं. उद्घाटनाला थोरल्या नातीने नाचायचं, म्हणजे सेमिसीच्या मुलीने, लोसाने. पंधरा वर्षांच्या लोसाने बेट फक्त दोनदा पाहिलं होतं. तिने आजोबांसाठी वर्षभर नाच बसवला होता. पण नाचायचं की नाही हे ठरवणार होती कालोलाइने नावाची तिची आत्या, म्हणजे सेमिसीची बेटावरची आक्का. टोंगन रीतीत भावाच्या घरात आत्याचा शब्द शेवटचा. तिला कुणी चूक म्हणत नाही.

सेमिसीने मागच्या अंगणात नाच टिपला. मध्येच शेजाऱ्यांचं पिवळं कुत्रं पाठीमागून चालत गेलं. "असू दे, पोरगी छान नाचली आहे," म्हणत त्याने डिस्क पाठवून दिली.

दोन आठवड्यांनी आत्याचा फोन आला.

"सेमिसी, पोरीचे हात थरथरतात. मान बरी आहे, चेहरा बरा आहे. हात मात्र वाऱ्यातल्या पानासारखे. आजारी आहे का ती?"

"नाही, आक्का."

"मग घाबरते. घाबरट मुलीला मी सगळ्या गावापुढे उभं करणार नाही. अजून सराव करू दे."

सेमिसीने डिस्क पुन्हा पाहिली. संगणकावर हात पाण्यासारखे वाहत होते, चपट्या टीव्हीवरही. तरी आत्या म्हणते म्हणजे असेल. लोसाने महिनाभर सराव केला. त्याने नाच पुन्हा टिपला आणि दुसरी डिस्क सावकाश वेगाने राइट केली. तिसरीसाठी महागड्या कोऱ्या डिस्क आणल्या, चित्राचा दर्जा चढवला, मग उतरवला.

"यंत्राचं पुस्तक जितकं वाचतोस तितकं बायबल वाचलं असतंस, तर एव्हाना पाद्री झाला असतास," त्याची बायको पिसिला म्हणाली.

आत्याचं उत्तर दर वेळी तेच. तिसऱ्या खेपेला ती एवढंच म्हणाली, "रविवारपर्यंत पाहते. नाहीतर दुसऱ्या घरातली मुलगी नाचेल."

लोसा आता जेवताना हात मांडीखाली ठेवी. पेला दोन्ही हातांनी धरी. "बाबा, खरंच थरथरतात का हो?" असं ती विचारी, आणि सेमिसी पुन्हा यंत्राचं पुस्तक उघडी.

त्याच आठवड्यात पालिकेची मोठा कचरा नेणारी गाडी यायची होती. सेमिसीने आम्हा दोघांना रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलं. माझ्यावर कागद चिकटवला: चालतो, घेऊन जा. कुणी नेलं नाही. सकाळी पिसिला कामावरून परतली, थबकली आणि मोठ्याने म्हणाली, "अरे, आक्काकडे हीच जोडी आहे की."

ती मला काखोटीला मारून वर घेऊन आली. टीव्ही सेमिसीने उचलला. मला उन्हाचा चटका बसला होता, पोटात धूळ होती. तिसरी डिस्क आत गेली. मी कण्हलो आणि चालू लागलो.

लोसाचे हात थरथरत होते. जरा पुढे, लगेच जरा मागे, बोटांच्या कडा करवतीसारख्या. लोसा खाली बसली. "आत्या बरोबर बोलत होत्या," ती हळूच म्हणाली.

पिसिलाने पहिली डिस्क घातली. तेच. मग पाठीमागून कुत्रं निघालं. त्याचे चारही पाय लटपटत होते आणि एका शेपटीच्या दोन झाल्या होत्या.

"आणि हे?" पिसिला म्हणाली. "यालाही गावापुढे नाचायचं होतं वाटतं?"

लोसा हसली. मग पुष्कळ वेळ रडली.

मित्रांनो, टीव्हीचं प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांचं बनतं. कोणता अर्धा आधी, हा क्रम उलटला की हलणारी गोष्ट थरथरते, स्थिर गोष्टीला काही होत नाही. नवा कॅमेरा खालच्या ओळी आधी देई, आणि सेमिसीच्या प्रोग्राममध्ये खूण होती वरच्या ओळींवर. संगणक आणि चपटा टीव्ही दोन्ही अर्धे मिसळून दोष झाकून टाकत. आम्ही जुने जसं येईल तसं दाखवतो. सेमिसीने ती एक खूण बदलली, पहिल्याच दिवशीचा नाच पुन्हा डिस्कवर उतरवला आणि माझ्या पोटात घातला. हात वाहू लागले. कुत्रंही ताठ चाललं.

गुरुवारच्या विमानाने एक नातेवाईक ती डिस्क घेऊन गेला. रविवारी, चर्चनंतर, फोन आला.

"आता हात शांत झाले," आत्या म्हणाली. "बघ, माझं बोलणं लागलं की नाही? त्या पहिल्या नाचात आणि ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे."

सेमिसीने पिसिलाकडे पाहिलं. पिसिलाने छताकडे.

"हो, आत्या," लोसा म्हणाली. "तुमच्यामुळेच." पेला तिने एका हातात धरला होता.

सभागृहात ती नाचली. त्याची डिस्कही आधी माझ्यातच फिरली. आता माझी जागा चपट्या टीव्हीखाली आहे, आणि तो कागद सेमिसीने अजून काढलेला नाही. फक्त "घेऊन जा" तेवढं खोडलं आहे.

मित्रांनो, जुनं यंत्र रस्त्यावर ठेवण्याआधी आठवून पाहा, त्याचा एखादा जुळा भाऊ दूर कुणाच्या घरी अजून चालू आहे का. आपल्या माणसाला काही पाठवाल, तेव्हा ते त्याच्या पडद्यावर कसं दिसेल ते आधी पाहा. आणि एखाद्या पोरीचे हात थरथरताना दिसले, तर तिला बोल लावण्याआधी मागून जाणाऱ्या कुत्र्याकडे एकदा नजर टाका.