गंगाजल कुणी दिलं

मी भांडखोर बाई आहे. हरणीच्या आमच्या सोसायटीत पाण्यावरून, पार्किंगवरून, कचऱ्यावरून माझं ज्याच्याशी वाजलं नाही असं एक घर सापडायचं नाही. आणि ज्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं, नेमकी त्या दिवशी माझी दातखीळ बसली. तेच सांगते आहे.

आमचे हे, मुकुंद, कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत गालाचा कॅन्सर निघाला. दोन ऑपरेशनं झाली, रेडिएशनचे शेक झाले, मग डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्या म्हणाले. गालाला आरपार भोक. बोलणं बंद, खाणं नाकातल्या नळीतून, सांगायचं ते पाटीवर लिहून. घरात असा वास सुटला की माझी सख्खी जाऊ मांजलपूरहून भेटायला आली ती दारातच नाकाला पदर लावून उभी राहिली आणि चहासुद्धा न घेता गेली.

त्या घरात सिस्टर उर्सुला आल्या. छाणीकडे त्यांचं कॉन्व्हेंट आहे. घरोघरी जाऊन असे रोगी सांभाळायचे, पैसा घ्यायचा नाही, हे त्यांचं काम. मूळच्या वसईच्या, म्हणून ह्या परप्रांतातही आमच्याशी मराठी बोलायच्या, जरा निराळ्या हेलात. पहिल्याच दिवशी त्यांनी टॉर्च लावून जखमेत बघितलं आणि मला म्हणाल्या, ताई, तुम्ही बाहेर बसा. मी कसली बसतेय. चिमट्याने त्यांनी एकेक अळी बाहेर काढली. चाळीस मिनिटं हे काम चाललं होतं आणि तोंडाने ह्यांच्याशी वसईच्या केळीच्या वाड्यांच्या गप्पा. मग वासावरच्या गोळ्या कुटून त्यांची पूड जखमेत भरली. आठवड्यात वास गेला. मी लग्नाची बायको, पण माझा हात तिथवर जायला धजत नव्हता. खरं ते सांगते.

सव्वीस वर्षं त्या हेच करत होत्या. पहाटे साडेचारला उठून प्रार्थना, मग झाडलोट, आठची बस, दिवसाला पाच-सहा घरं. एकदा मी विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाल्या, येतो की, रोज येतो, पण बस काही माझ्यासाठी थांबत नाही. अशी बाई. आमच्याकडे पाण्याशिवाय काही घेतलं नाही. एकदाच मी जबरदस्तीने साबुदाण्याची खिचडी खायला घातली, तर अर्धी डब्यात भरून पुढच्या रोग्याला घेऊन गेल्या.

दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. त्या दुकानात अशा मिळत नाहीत. सिस्टरांच्या संस्थेतले डॉक्टर सही करायचे आणि सिस्टर दर शुक्रवारी आठवड्याच्या गोळ्या आणून द्यायच्या. त्या गोळ्यांवर हे माणसात होते. पाटीवर क्रिकेटचा स्कोअर लिहून मागायचे.

आम्हा दोघींचा वाद फक्त एकाच गोष्टीवरून. ह्यांना मी काहीही सांगितलेलं नव्हतं. जखम भरतेय, दिवाळीनंतर नरसोबाच्या वाडीला जाऊन येऊ, असं रोज सांगायची. सिस्टर म्हणायच्या, सांगा हो त्यांना, माणसाला निरोप घ्यायचा असतो. मी फटकारलं, आमच्यात असं तोंडावर सांगत नाहीत, आणि तुम्हीही खबरदार. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

मग तो मंगळवार. सकाळी अकराच्या सुमाराला सिस्टर पट्टी बदलत होत्या आणि ह्यांचा श्वास अडकला. डोळे फिरले, नखं काळीनिळी पडली. मला वाटलं, संपलं. मी धावत देवघरातून गंगाजलाचा गडू आणला, कुंडीतलं तुळशीचं पान तोडलं. गडूचं झाकण पक्कं बंद, मला काही केल्या उघडेचना. सिस्टरांनी गडू माझ्या हातातून घेतला, पट्टीच्या कात्रीने झाकण उचकटलं, पान ह्यांच्या जिभेवर ठेवलं आणि चार थेंब सोडले. ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. आपल्या देवाचंच म्हणत असणार, दुसरं काय म्हणणार त्या? मी कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून उभी. तेवढ्यात ह्यांना ठसका लागला, श्वास मोकळा झाला, डोळे उघडले.

आणि दारात धवल, माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा, फळांची पिशवी घेऊन उभा. एका हातात मोबाइल. त्याला काय दिसलं? एक नन काकांच्या तोंडात पाणी सोडतेय आणि प्रार्थना म्हणतेय. मला एका शब्दाने विचारलं नाही त्याने. फोटो काढून झालासुद्धा होता.

तासाभरात मोठे दीर, जयवंतराव, आले. मागे सोसायटीतले चौघे. आमचं घर केवढंसं, ह्यांचा पलंग हॉलमध्येच, मध्ये एक पडदा. पडद्याअलीकडे सगळे उभे, पलीकडे हे टक्क जागे. सिस्टर पिशवी आवरत होत्या. कुणी आरडाओरडा केला नाही. जयवंतरावांनी मला विचारलं, "प्रतिमा, खरं सांग. ते पाणी कुणी आणलं?"

मी आणलं. दोन शब्द. पण मरायला टेकलेल्या माणसाच्याच तोंडात गंगाजल घालतात, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. मी तसं म्हटलं की पडद्यामागे ह्यांना कळणार, बायकोने आपली आशा सोडली, पाणीसुद्धा पाजून मोकळी झाली. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मी जमिनीकडे बघितलं आणि म्हटलं, "मला माहीत नाही."

सिस्टर म्हणाल्या, "पाणी मी दिलं." एवढंच. पिशवी खांद्याला लावली, पडद्यामागे जाऊन ह्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि गेल्या.

संध्याकाळपर्यंत पोलीस चौकीत अर्ज गेला, धर्मांतराचा प्रयत्न म्हणून. शुक्रवारी सिस्टर आल्या नाहीत. मी फोन केला तर म्हणाल्या, वरून आज्ञा आहे ताई, आता मला येता यायचं नाही. आवाजात राग नव्हता, तो असता तर मी भांडले तरी असते. गोळ्या त्याच दिवशी संपल्या. मोठ्या दवाखान्यात गेले तर म्हणे पेशंटला घेऊन या. ह्यांना नुसतं कुशीवर वळवलं तरी जखमेतून रक्त यायला लागतं, तीन जिने कसे उतरवू? जयवंतरावांच्या दारात गेले. ते म्हणाले, दुसरा डॉक्टर बघू. बघताहेत अजून.

शनिवारपासून ह्यांनी पलंगाची दांडी धरून ठेवली. मूठ सोडवत नव्हती. ओरडता येत नाही, तर नाकातून एक आवाज काढतात, तो थांबतच नाही. मी कानावर उशी दाबून स्वयंपाकघरात बसले, माझी मला शरम वाटली, तरी बसले.

बुधवारी त्यांनी पाटी मागितली. अक्षर सगळं वाकडंतिकडं. लिहिलं, "सिस्टरना बोलव."

मी म्हटलं, त्या रजेवर आहेत.

त्यांनी पुसलं आणि पुन्हा लिहिलं, "तुळशीचं पान जिभेवर होतं. मी काय लहान आहे? मला केव्हापासून माहीत आहे. तू रडशील म्हणून बोललो नाही."

मी पाटी हातात घेऊन पुन्हा वाचली. ज्यांच्यासाठी मी त्या बाईचा बळी दिला, त्यांना सगळं ठाऊक होतं.

गुरुवारी मी चौकीत गेले आणि गडू मी आणला, पान मी तोडलं, सगळं लिहून सही केली. जयवंतराव पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणाले. बरं म्हटलं. काल, शुक्रवारी, त्या जबाबाची प्रत घेऊन छाणीला गेले. तिथल्या मुख्य सिस्टरांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, मला पाणी दिलं. उर्सुला सिस्टरांची दाहोदकडे बदली झाली होती, बुधवारी सकाळच्या गाडीने गेल्या होत्या. जाताना हरणीच्या घरी कुणाला तरी पाठवा, एवढंच मागितलं होतं त्यांनी. आता पाठवू, म्हणाल्या, पण सही करणारे डॉक्टर सोमवारी येतात, तोवर गोळी देता येत नाही. मी पाया पडले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण कपाटाची किल्ली डॉक्टरांकडे.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. मी काय बोलले, सिस्टर काय बोलल्या, सोमवारी कोण येणार. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

आज शनिवार. दुपारी त्यांनी पुन्हा पाटी मागितली. खडू बोटांत राहीना, मी मनगट धरलं तेव्हा कुठे दोन शब्द उमटले, "सोमवार कधी?"

मी म्हटलं, "उद्या."